आवाजाचे इमान : व्हॉल्व्ह मायक्रोफोन आणि ध्वनिमुद्रणातील सत्याचा प्रश्न

१

ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात 'हाय फिडेलिटी' हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला आणि 'हाय-फाय' या लघुरूपाने उपकरणांच्या जाहिरातींतून घरोघर पोहोचला. त्यातील 'फिडेलिटी' या पदाचा मूळ अर्थ निष्ठा किंवा इमान असा आहे. मराठीत इमान राखले जाते ते माणसाशी, खाल्ल्या मिठाशी, दिल्या शब्दाशी. यंत्राने ध्वनीशी इमान राखावे ही कल्पना त्यामुळे मुळातच एक रूपक आहे. रूपक वापराने झिजले की त्याचे रूपकत्व विस्मरणात जाते आणि ते वस्तुस्थितीचे वर्णन वाटू लागते. 'हा मायक्रोफोन आवाज जसाच्या तसा पकडतो' हे वाक्य आज असेच वस्तुवर्णन म्हणून उच्चारले जाते. परंतु 'जसाच्या तसा' म्हणजे कोणासारखा, आणि तसा तो कोणी ऐकला होता, हे प्रश्न विचारताच त्या वाक्याखालची जमीन हलू लागते.

हे प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभे राहतात ते एका साध्या प्रसंगी. एखादी गायिका घरातील खोलीतच छोटासा स्टुडिओ उभारते, भिंतींना गाद्या-गोधड्या लावून खोलीचा घुमारा कमी करते आणि नव्याने घेतलेला व्हॉल्व्हचा मायक्रोफोन पारखून पाहते. एकच ओळ ती दोन मायक्रोफोनांसमोर गाते. एक ट्रान्झिस्टरवर चालणारा, दुसरा व्हॉल्व्हवर. मग दोन्ही मुद्रणे ऐकते. एकात तिचा आवाज काहीसा कोरडा, स्पष्ट, 'स' आणि 'श' यांच्या धारेसह येतो. दुसऱ्यात तोच आवाज भरीव, गोलाई असलेला, जवळ येऊन बोलल्यासारखा वाटतो. दुसरा तिला आवडतो. येथपर्यंत प्रश्न अभिरुचीचा आहे. पण ती जेव्हा म्हणते की दुसरा 'अधिक खरा' आहे, किंवा तिच्या मनात शंका येते की तो 'अधिक खोटा' आहे म्हणूनच आवडला, तेव्हा प्रश्न सत्याचा होतो. आणि ती त्यांपैकी एक निवडून जगापुढे ठेवते तेव्हा तो नीतीचाही होतो. सत्याचा आणि नीतीचा हा दुहेरी प्रश्न नेमका कोठे आणि कसा निर्माण होतो, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

२

प्रथम यंत्राची रचना ध्यानात घ्यावयास हवी; कारण या विषयावरील बरीचशी चर्चा रचनेच्या अज्ञानामुळे गूढतेत शिरते. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये अवघी काही मायक्रॉन जाडीची, सोन्याचा अतिसूक्ष्म लेप दिलेली एक पटलिका असते आणि तिच्यामागे, केसभर अंतरावर, धातूची स्थिर पट्टी असते. ध्वनिलहरींनी पटलिका थरथरली की या दोहोंमधील अंतर बदलते आणि त्यानुसार विद्युत्-दाब बदलतो. हे तत्त्व वापरणारा मायक्रोफोन ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये सिद्ध केला. परंतु पटलिकेतून निघणारा हा विद्युत्-संदेश इतका दुबळा असतो की लांब तारेतून तो पुढे जाऊ शकत नाही. म्हणून मायक्रोफोनच्या देहातच, पटलिकेपासून काही सेंटिमीटरांवर, त्याला आधार देणारा घटक बसवावा लागतो. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तयार केलेल्या त्रिध्रुवी निर्वात नलिकेच्या कुळातील नलिका, म्हणजेच जुन्या रेडिओमुळे आपल्याकडे परिचित झालेला व्हॉल्व्ह, हे काम करू लागली. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील दोन दशकांत त्याने हळूहळू व्हॉल्व्हची जागा घेतली. बर्लिनच्या नॉयमन या कंपनीचा यू ४७ हा १९४९ साली आलेला व्हॉल्व्ह मायक्रोफोन, १९६० चा यू ६७ आणि १९६७ चा ट्रान्झिस्टरवर चालणारा यू ८७ ही क्रमवारी या संक्रमणाचे जणू संक्षिप्त चरित्रच आहे.

व्हॉल्व्ह तापल्याखेरीज काम करीत नाही. त्याला स्वतंत्र वीजपुरवठ्याची पेटी लागते, आणि ती सुरू केल्यावर आवाज स्थिर होईपर्यंत वाट पाहावी लागते. त्याच्याशी जोडला जाणारा 'ऊब' हा शब्द मात्र या तापण्यातून आलेला नाही. त्रिध्रुवी व्हॉल्व्ह आपल्याकडे आलेल्या संदेशात किंचित भर घालतो, आणि ती भर प्रामुख्याने दुसऱ्या स्वरांशाची असते. गायिकेने २२० कंपनांचा षड्ज लावला तर व्हॉल्व्ह त्यात ४४० कंपनांच्या तार षड्जाची अत्यंत सूक्ष्म छटा मिसळतो. अभियंत्याच्या परिभाषेत ही विकृती आहे, कारण मुळात नसलेले काही तरी तेथे आले. कानाच्या परिभाषेत मात्र तो त्याच स्वराचा विस्तार आहे, कारण सप्तकाच्या अंतराने आलेला स्वर मूळ स्वराशी एकरूप होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सामान्य पातळीवर गायिले असता व्हॉल्व्हची ही भर एका टक्क्याहूनही कमी असते. ज्याला 'व्हॉल्व्हचा आवाज' म्हणतात त्याचा फार मोठा वाटा प्रत्यक्षात पटलिकेचा ताण, तिच्याभोवतीची जाळी, आतील ट्रान्सफॉर्मर आणि गाणाऱ्याचे अंतर यांचा असतो. एका दिशेने ऐकणाऱ्या कोणत्याही मायक्रोफोनच्या जवळ, वीतभर अंतरावर, तोंड नेले की खर्जाकडील कंपने फुगतात. यात व्हॉल्व्हचा काहीही संबंध नसतो. म्हणजे गायिका ज्या गुणावर लुब्ध होते त्या गुणाचे श्रेय ती ज्या घटकाला देते तो घटक त्याचा मुख्य कर्ताच नसण्याचा संभव आहे. साहित्यसमीक्षेला ही परिस्थिती अपरिचित नाही. कवितेच्या परिणामाचे श्रेय प्रतिमेला द्यावे आणि तो परिणाम वस्तुतः लयीने घडविलेला असावा, तशातलाच हा प्रकार. अनुभव खरा असतो, त्याचे निदान चुकते.

३

'जसाच्या तसा' या पदातील पहिला 'जसा' आता तपासता येईल. गायिकेचा मूळ आवाज कोणता? या प्रश्नाला किमान तीन उत्तरे संभवतात आणि ती परस्परांशी जुळत नाहीत.

पहिला आवाज तिचा स्वतःचा. तो तिला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांमधूनही ऐकू येतो, आणि हाडांतून येणाऱ्या ध्वनीत खालच्या कंपनांचे प्रमाण जास्त असते. म्हणूनच स्वतःच्या आवाजाचे मुद्रण प्रथम ऐकणारा जवळजवळ प्रत्येक माणूस तो आपला नव्हेच असे म्हणतो. हा आवाज जगात एकाच व्यक्तीला ऐकू येतो आणि कोणत्याही यंत्राला तो मुद्रित करता येत नाही. दुसरा आवाज समोर बसलेल्या गुरूने ऐकलेला. त्यात खोली आहे, अंतर आहे, तंबोरा आहे, आणि गाणारीचा चेहरा व हात पाहत ऐकण्याची अवस्थाही आहे. तिसरा आवाज ओठांपासून वीतभर अंतरावरचा. हा मायक्रोफोनला ऐकू येतो. पण माणसाचा कान एरवी तेथे जात नाही. गेलाच तर तो आईचा, तान्ह्या मुलाचा किंवा प्रियकराचा असतो, श्रोत्याचा नसतो.

तेव्हा मायक्रोफोन ज्या ध्वनीचे मुद्रण करतो त्याचे साक्षीदार मुद्रणापूर्वी जवळजवळ नसतातच. मूळ आणि प्रत यांची तुलना करावयाची तर मूळ आधी कोणी तरी अनुभवलेले असावे लागते. येथे प्रतीमुळेच मूळ प्रथम उपलब्ध होते. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे वलय लोपते असे प्रतिपादन केले. गायकाच्या आवाजाबाबत त्या सिद्धान्ताला पूरक अशी एक उलट बाजू जोडावी लागते. मायक्रोफोनने मैफलीचे वलय हिरावले हे खरे, परंतु जवळिकीचे एक नवे वलय त्याने निर्माणही केले, आणि ते कोणत्याही मूळ प्रसंगाची प्रत नव्हते.

यावर एक रोखठोक उत्तर दिले जाते. प्रयोगशाळांत मोजमापासाठी वापरले जाणारे मायक्रोफोन असतात. ऐकू येणाऱ्या सर्व कंपनांना ते जवळजवळ समान न्याय देतात. सत्य हवे असेल तर त्यांतून मुद्रण करावे, बाकी सारे प्रसाधन. हे उत्तर स्वच्छ आहे, पण अपुरे आहे. मोजमापाचा मायक्रोफोन हवेच्या दाबाविषयी खरे सांगतो. आवाज म्हणजे हवेचा दाब असे मानले तर प्रश्न संपला. परंतु तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'शारीर' ही संज्ञा योजली ती वेगळ्याच अर्थाने. अभ्यास नसतानाही राग व्यक्त करण्याचे सामर्थ्य ज्या ध्वनीत असते आणि जो शरीराबरोबरच जन्माला येतो तो ध्वनी म्हणजे शारीर, असे त्याचे तात्पर्य. या व्याख्येत आवाजाचे सत्त्व त्याच्या व्यक्त करण्याच्या शक्तीत आहे आणि ती शक्ती एका देहाशी बांधलेली आहे. मोजमापाच्या यंत्रातून दाब बिनचूक यावा आणि ही शक्ती मात्र वाटेत हरवावी, हे सहज संभवते. उलट ध्वनीत अल्पशी भर टाकणाऱ्या यंत्रातून ती अधिक पूर्णत्वाने पोहोचावी, हेही संभवते. अचूकता आणि सत्य या दोन संकल्पना येथे एकमेकींपासून विलग होतात.

४

मायक्रोफोन आवाज नोंदवतो, इतकेच म्हणून थांबता येत नाही. तो गाण्याची रीतही घडवतो. १९०२ साली कोलकात्यात फ्रेड गायसबर्ग यांच्यासमोर गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून, आवाजाच्या बळावर मेणाच्या तबकडीत रेघ कोरावी लागे, आणि तीनेक मिनिटांत गाणे आटोपून शेवटी स्वतःचे नाव उच्चारावे लागे. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण व्यवहारात आले आणि ही सक्ती संपली. आता हळू गाता येऊ लागले. थिएटरातील अखेरच्या रांगेपर्यंत विनायंत्र पोहोचणारा नाट्यसंगीताचा खुला आवाज आणि १९३० च्या दशकात जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्यापासून रुळलेला भावगीताचा निगुतीचा, शब्द जपणारा आवाज यांतील अंतर केवळ अभिरुचीच्या बदलाने स्पष्ट होत नाही. त्यामागे रेडिओ आहे, ध्वनिमुद्रिका आहे आणि मायक्रोफोन आहे.

मराठी भावगीताच्या इतिहासाचा विचार करताना ही बाब क्वचितच पुरेशा गांभीर्याने घेतली जाते. भावगीतातील 'मी' एका 'तू'शी एकान्तात बोलतो, आणि हे बोलणे हजारो अनोळखी लोक एकाच वेळी, पण आपापल्या घरी, ऐकतात. हा वक्ता आणि ही श्रोतृस्थिती मायक्रोफोनपूर्व काळात या रूपात अस्तित्वातच नव्हती. म्हणजे एका वाङ्मयप्रकाराच्या निवेदनाची भूमिका अंशतः एका यंत्राने शक्य केली. १९४९ च्या 'महल' या चित्रपटातील गाण्याच्या मुद्रणाविषयी सांगितले जाते की, दुरून जवळ येणाऱ्या स्त्रीचा आभास साधण्यासाठी लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. येथे अंतर हा गाण्याचाच एक अलंकार झाला आहे. गायिका मायक्रोफोनपुढे गाते असे म्हणण्यापेक्षा ती मायक्रोफोन वाजवते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. हाच न्याय घरातील पारखीलाही लागू पडतो. कानांवरील हेडफोनमधून आपला आवाज मऊ, भरीव ऐकू येऊ लागला की गायिका नकळत जोर कमी करते, शब्दान्त सावकाश सोडते, श्वासाचा वापर बदलते. म्हणून दोन मायक्रोफोनांसमोर 'तीच ओळ' गायिली गेली, हे गृहीतच सदोष आहे. यंत्र बदलले तेव्हा गाणेही बदलले होते.

५

येथे भारतीय साहित्यशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. नाट्यातील रामाविषयी शङ्कुकाने म्हटले की, प्रेक्षकाची प्रतीती खरी, खोटी, संशयाची किंवा सादृश्याची यांपैकी कोणतीच नसते. चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो तशी ती एक निराळीच प्रतीती असते. अभिनवगुप्ताने अनुकरणाची ही भूमिकाच अमान्य केली. ज्याचे अनुकरण करावयाचे तो राम नटाने किंवा प्रेक्षकाने पाहिलेलाच नसतो, तेव्हा 'हे त्यासारखे आहे' असे म्हणण्यास आधार कोणता, हा त्याच्या आक्षेपातील एक महत्त्वाचा मुद्दा. ओठांपासून वीतभर अंतरावरचा आवाज कोणी ऐकलेलाच नसतो, या वरील निरीक्षणाशी हा मुद्दा तंतोतंत जुळतो.

परंतु आजच्या घरगुती स्टुडिओतील व्हॉल्व्ह मायक्रोफोनबाबत परिस्थितीला आणखी एक पदर आहे. यू ४७ मधील व्हीएफ १४ या टेलेफुंकेनच्या व्हॉल्व्हचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबले आणि पुढे त्या मायक्रोफोनचेही थांबले. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा १९५३ चा सी १२ हाही असाच दंतकथेत जाऊन बसला. मूळ नग आज सामान्य गायकाच्या आवाक्यात नाहीत. बाजारात स्वस्तात मिळणारे नवे व्हॉल्व्ह मायक्रोफोन बहुतांशी या जुन्यांच्या प्रतिकृती असतात किंवा तसा दावा करतात. खुद्द नॉयमननेही २०१८ मध्ये यू ६७ पुन्हा बाजारात आणला. मग नवा मायक्रोफोन 'उत्तम' आहे असे ऐकणारा म्हणतो तेव्हा तो कशाशी तुलना करीत असतो? त्याच्या कानात फ्रँक सिनात्राच्या किंवा बीटल्सच्या मुद्रणांचा, आणि त्या पिढीतील मुद्रणांनी घडविलेल्या आवाजसौंदर्याचा संस्कार असतो. सुंदर आवाज कसा असतो हे त्याने खोलीत बसून गाणाऱ्या माणसाकडून कमी आणि ध्वनिमुद्रिकेकडून अधिक शिकलेले असते. 'ऊब' हे त्या स्मृतीचेच नाव आहे.

याचा अर्थ असा की नवा व्हॉल्व्ह मायक्रोफोन समोरच्या गायिकेच्या आवाजापेक्षा पूर्वीच्या मुद्रणांशी अधिक निष्ठावान असतो. तो तिच्या आवाजाला एका परंपरेचे अवतरणचिन्ह लावतो. साहित्यात जुन्या छंदाचा स्वीकार करणारा कवी असेच करतो. अभंगाची चौकट घेतली की तिच्यासोबत भक्तिपरंपरेचा नाद येतो, कवीला तो हवा असो वा नसो. यात अप्रामाणिक काही नाही. मात्र आपण अवतरण देत आहोत याचे भान नसेल तर उसना सूर स्वतःचा वाटू लागतो, आणि तेथे धोका सुरू होतो. नव्या यंत्राच्या पारखीत 'माझा खरा आवाज मला प्रथमच सापडला' असे गायिकेला वाटते, त्या क्षणी तिला सापडलेली गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कोणाच्या आवाजाची छाया असू शकते.

६

तरीही भर घालणे म्हणजे खोटेपणा, हे समीकरण स्वीकारता येणार नाही. आणि ते न स्वीकारण्याचे सर्वांत सबळ कारण आपल्या संगीताच्या केंद्रस्थानीच आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवून जवारी लावतात. मिरजेच्या कारागिरांचे कौशल्य घोडीच्या ज्या पृष्ठभागावर पणाला लागते त्याचे प्रयोजनच मुळी तारेचे साधे, 'शुद्ध' कंपन बिघडवणे हे आहे. घोडीला घासत निघणारी तार वरच्या स्वरांशांनी भरून जाते, आणि नीट लागलेल्या तंबोऱ्यात कोणीही न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो खर्जाच्या पाचव्या स्वरांशातून उमटतो. अभियंत्याच्या मापाने जवारी ही विकृतीच. गवयाच्या लेखी तिच्यावाचून तंबोरा मुका. ज्या परंपरेने विकृतीला स्वराचा प्राण मानले ती परंपरा व्हॉल्व्हच्या सूक्ष्म तार षड्जाला तत्त्वतः असत्य ठरवू शकत नाही.

मात्र जवारी आणि व्हॉल्व्ह यांत एक निर्णायक फरक आहे. जवारीची भर गाणारा आणि ऐकणारा या दोघांच्या समक्ष, एकाच वेळी घडते. गवई त्या गंधाराशी आपला गंधार मिळवून घेतो. म्हणजे ती भर त्याच्यावर बंधनही घालते. आपला बेसूरपणा ती झाकत नाही, उलट उघडा पाडते. मायक्रोफोनची भर श्रोत्याला अज्ञात असते, आणि तिचा कल बहुधा झाकण्याकडे असतो. तेव्हा भर पडली की नाही हा प्रश्न गौण होय. ती कोणासमक्ष पडली, आणि तिने गाणाऱ्याची जबाबदारी वाढवली की घटवली, हे प्रश्न महत्त्वाचे.

या कसोटीने एक भेद स्पष्ट करता येतो. व्हॉल्व्ह जी छटा मिसळतो ती गायिकेने केलेल्या कृतीवर अवलंबून असते. तिने स्वर भरून लावला तर ती वाढते, सैल सोडला तर मावळते, बेसूर लावला तर बेसूर स्वराचीच छटा उमटते. निर्णय तिचाच राहतो. १९९७ साली बाजारात आलेल्या ऑटो-ट्यूनसारख्या साधनांची गोष्ट निराळी. ती स्वराचे स्थानच बदलतात, म्हणजे गायिकेच्या निर्णयाच्या जागी दुसरा निर्णय ठेवतात. पहिल्या प्रकारात कर्तृत्व रंगते, दुसऱ्यात ते बदलले जाते. अर्थात ही सीमारेषा सर्वत्र ठळक नसते. पाच प्रयत्नांतले उत्तम तुकडे जोडून केलेले मुद्रण कोणत्या बाजूचे, यावर मतभेद राहतील. सीमा धूसर आहे म्हणून दोन्ही प्रदेश एकच आहेत, असे मात्र नव्हे.

७

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ सालच्या ग्रंथात कलेच्या संकल्पनेला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले. मुद्रित आवाजाकडेही या दोन ध्रुवांवरून पाहता येते. एका ध्रुवावरून तो एका जिवंत व्यक्तीचा पुरावा आहे. दुसऱ्यावरून ती नादाची एक स्वायत्त रचना आहे, आणि ती कोणाची हे विचारणे अप्रस्तुत आहे. व्हॉल्व्ह मायक्रोफोनविषयीचा नैतिक गोंधळ बराचसा या दोन ध्रुवांच्या सरमिसळीतून उद्भवतो. म्हणून एकच मुद्रण तीन वेगळ्या संदर्भांत ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

गायिकेने ते मुद्रण गीतसंग्रह म्हणून प्रसिद्ध केले, तर श्रोत्याला तिने एक रचना देऊ केली आहे. खोलीतही आवाज असाच ऐकू येईल, असे वचन तिने दिलेले नाही. दुसऱ्या प्रसंगी तेच मुद्रण ती परगावच्या गुरूकडे दोषदिग्दर्शनासाठी पाठवते. आता मऊ झालेला 'स', फुगलेला खर्ज आणि झाकली गेलेली श्वासाची धाप या गोष्टी गुरूच्या कानावर पडदा टाकतात. येथे तोच मायक्रोफोन तेच काम करीत असूनही व्यवहार अप्रामाणिक होतो. तिसऱ्या प्रसंगी मुद्रण करावयाचे आहे ते एखाद्या वृद्ध गायकाच्या आवाजाचे, पुढील पिढ्यांसाठी. आवाजाला कंप आला आहे, वरचे स्वर खरखरतात, पण राग मांडण्याची प्रज्ञा शाबूत आहे. त्याच्यापुढे ऊबदार मायक्रोफोन ठेवून खरखर झाकणे ही दया आहे की त्याच्या वार्धक्याला दिलेला नकार?

हा तिसरा प्रसंग सर्वांत कठीण आहे, कारण येथे हानी भरून काढता येत नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांचा आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. या दोन टोकांमध्ये प्रत्येक मुद्रणाचे भवितव्य लोंबकळत असते. जे मुद्रित झाले तेच पुढे 'तो आवाज' म्हणून ओळखले जाणार, आणि त्याला प्रतिप्रश्न करणारा कान उरणार नाही. रोलाँ बार्थ यांनी १९७२ मध्ये आवाजाच्या 'पोता'विषयी लिहिताना गाणाऱ्या देहाची जी खूण महत्त्वाची मानली, ती खूण वृद्ध गायकाच्या बाबतीत बहुधा त्या खरखरीतच असते. ती पुसली तर राग उरेल, पण तो कोणत्या देहातून आला हे उरणार नाही. शार्ङ्गदेवाच्या भाषेत, तेथे शारीराचाच लोप होईल. उलट, क्रूर स्पष्टतेने मुद्रित केलेली खरखर पुढील श्रोत्याचे सारे लक्ष वेधून घेईल आणि रागाची प्रज्ञा त्याला ऐकूच येणार नाही, हाही धोका तितकाच खरा आहे. गुरूसमोर बसून ऐकणारा शिष्य त्या खरखरीपलीकडचे ऐकत असतो. वीतभर अंतरावरचे यंत्र ही श्रद्धा आपल्यासोबत आणत नाही. येथे निर्णयाचा नियम सांगता येत नाही. इतकेच म्हणता येते की हा निर्णय गायकाला विचारून, त्याला दोन्ही मुद्रणे ऐकवून घेतला गेला पाहिजे. कारण पुढे जो आवाज उरेल तो त्याच्या नावाने उरेल.

८

जुन्या स्टुडिओत हा विचार अनेकांमध्ये वाटला गेलेला असे. गायक गात असे, मुद्रक मायक्रोफोन निवडीत असे, संगीतकार ऐकत असे, कंपनी निवाडा करीत असे. त्या व्यवस्थेचे स्वतःचे अन्याय होते. कोणाचा आवाज मुद्रणयोग्य हे थोडे लोक ठरवीत. घरगुती स्टुडिओने ती मक्तेदारी मोडली, ही त्याची निःसंशय देणगी. परंतु त्याबरोबरच परका कानही नाहीसा झाला. आता गायिकाच मुद्रक आहे, संगीतकार आहे, न्यायाधीश आहे. ती गाते, ऐकते, आणि जो मायक्रोफोन तिच्या मनातील स्वतःच्या प्रतिमेशी जुळतो त्याला 'खरा' म्हणते. हाडांतून ऐकू येणारा तिचा खाजगी आवाज खर्जाकडे झुकलेला असतो आणि जवळून वापरलेला मायक्रोफोनही खर्ज फुगवतो. तेव्हा यंत्र तिला तिचाच आत्मगत आवाज परत देते आणि ती त्याला बाहेरची साक्ष समजते. साक्षीदाराचे काम खुशामतकाराकडे सोपवले जाते ते असे.

म्हणून मायक्रोफोनची पारख ही शेवटी कानाची पारख ठरते. आवडती, सरावाची ओळ गाऊन जो मायक्रोफोन निवडला जातो तो आवडच निवडतो. ज्या ओळीत आवाज फाटतो, जेथे श्वास अपुरा पडतो, जेथे 'स' टोचतो, ती ओळ गाऊन आणि दुसऱ्या कोणाला तरी, शक्यतो खोलीत प्रत्यक्ष गाणे ऐकलेल्या माणसाला, मुद्रण ऐकवून केलेली पारख निराळे काही सांगते. ती यंत्र काय झाकते हे दाखवते. झाकणे वर्ज्य आहे असे यातून निष्पन्न होत नाही. शृंगार आणि सोंग यांत भेद आहे, आणि शृंगार करणारी व्यक्ती आरशाला ओळखून असते. काय झाकले गेले हे ठाऊक असणे, आणि ज्याला ते ठाऊक असण्याचा अधिकार आहे त्याच्यापासून ते न लपवणे, एवढीच या व्यवहारातील किमान नीती.

'फिडेलिटी'चे रूपक असे पुन्हा आपल्या मूळ जागी येते. यंत्र ध्वनीशी इमान राखू शकत नाही, कारण इमान राखण्यासाठी वचन द्यावे लागते आणि यंत्र वचन देत नाही. वचन देते ती गाणारी व्यक्ती: श्रोत्याला एक, गुरूला दुसरे, उद्याच्या अनोळखी कानाला तिसरे. व्हॉल्व्ह तापून सज्ज झाला तरी यांपैकी कोणते वचन पाळायचे आहे हे त्याला सांगता येत नाही. ते गाण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.